नाताळसाठी बिनदुधाचं पेपरमिंट चॉकलेट

साताऱ्याच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगी सात वर्षांची, तिला दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी. नाताळच्या सुट्टीआधी वर्गात खाऊ वाटायचा आहे आणि लेकीनं हट्ट धरलाय की या वेळी खाऊ आपण न्यायचा, तोही पेपरमिंटचं चॉकलेट. ताईंनी दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा डार्क कंपाऊंड (कोकोच्या चरबीऐवजी दुसऱ्या वनस्पतीजन्य चरबीनं केलेलं चॉकलेट) वितळवून त्यात पेपरमिंटचं एसेन्स घातलं, तर सगळ्याचा चिखलासारखा गोळा झाला. दुसऱ्यांदा एसेन्स न घालता कंपाऊंड आणि चांगल्या डार्क चॉकलेटची वडी एकत्र वितळवली, साच्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली, तर दुसऱ्या दिवशी वर पांढरे डाग. शेवटी त्यांनी लिहिलंय, "साताऱ्यात वाढदिवस असो की परीक्षेचा निकाल, हातावर कंदी पेढा येतो आणि माझी पोर हात मागे घेते."

ताई, हे वाक्य वाचून मी त्याच संध्याकाळी उत्तर लिहायला बसले. सांगलीत विश्रामबागेतल्या घरी मी अठरा वर्षं चॉकलेटं करते आहे, त्यातली शेवटची दहा-अकरा वर्षं बिनदुधाचीही. तुमचं दोन्ही वेळा नेमकं काय बिघडलं ते सांगते आणि पूर्ण कृतीही देते. पण सुरुवात दुकानापासून करावी लागेल, कारण अशा मुलासाठी करायचं चॉकलेट चुलीपाशी क्वचित बिघडतं. ते बहुतेक वेळा खरेदीतच बिघडलेलं असतं.

तुम्ही "डार्क म्हणजे बिनदुधाचं" असं धरून चाललात. पुष्कळ जण धरतात. पण डार्क कंपाऊंडच्या कितीतरी विटांमध्ये दुधाची भुकटी असते, आणि उत्तम प्रतीच्या डार्क चॉकलेटमध्येही मऊपणासाठी दुधाची चरबी घातलेली सापडते. वेष्टनावर मिल्क सॉलिड्स, मिल्क फॅट, बटर ऑइल, व्हे पावडर, लॅक्टोज, केसिन किंवा केसिनेट यांपैकी एकही शब्द दिसला तर ती वीट आपली नव्हे. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनुसार दूध हा ॲलर्जीकारक घटक म्हणून वेगळा जाहीर करावा लागतो, त्यामुळे घटकांच्या यादीखाली 'कंटेन्स' ने सुरू होणारी ओळ असते. ती आधी वाचा. तिच्या शेजारी 'मे कंटेन मिल्क' असं असेल, तर त्याच यंत्रावर दुधाचं चॉकलेटही बनतं आणि त्याचा अंश यात येऊ शकतो. तुमच्या मुलीला असा अंश चालतो का, हे तिच्या डॉक्टरांनाच विचारा. मी मात्र ॲलर्जीच्या मुलासाठी करताना तसली वीट घेत नाही.

हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका. तो शाकाहाराचा आहे आणि आपल्याकडे दूध शाकाहारात बसतं. २०२२ पासून व्हीगन पदार्थांसाठी वेगळं चिन्ह आलं आहे, हिरवा 'व्ही' आणि त्यावर छोटं पान. ते दिसलं तर निवड सोपी होते, पण त्याचा अर्थ पदार्थ प्राणिज घटक न वापरता केलाय एवढाच. अंशाचा प्रश्न वेगळा राहतो, म्हणून चिन्ह असलं तरी ॲलर्जीची ओळ वाचायचीच. आणि कोको बटर या नावाला घाबरू नका. ती कोकोच्या बियांतली चरबी आहे, लोण्याशी तिचा संबंध नाही. सोया लेसिथिनही दुधाचं नसतं. बटर पेपरमध्ये लोणी असतं का, असं मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. नसतं, बिनधास्त वापरा.

सुटं कंपाऊंड मात्र कधीच घेऊ नका. केकच्या सामानाच्या दुकानांत मोठी वीट फोडून साध्या पिशवीत अर्धा-अर्धा किलो बांधून देतात. स्वस्त पडतं, पण त्या पिशवीवर काहीच लिहिलेलं नसतं, आणि फोडायची सुरी तीच, फळी तीच. दुकानदार प्रामाणिकपणे "दूध नाही यात" म्हणाला तरी त्यालाही ते माहीत असतंच असं नाही.

हे मी इतकं ताणून का सांगते? काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या गर्दीत मी नेहमीचंच डार्क कंपाऊंड आणलं. नेहमीचा रंग, नेहमीचं वेष्टन. वर्षभर वापरत होते म्हणून मागची बाजू वाचली नाही. त्या खेपेच्या मालात घटक बदलले होते, दुधाची भुकटी आली होती. मिरजेच्या एका मुलाच्या अंगावर अर्ध्या तासात गांधी उठल्या, ओठ सुजले. आईवडिलांनी त्याला तातडीनं दवाखान्यात नेलं आणि मूल सुखरूप घरी आलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून प्रत्येक नव्या विटेचं लेबल कापून वहीत चिकटवते, खाली तारीख घालते, आणि मागच्या लेबलाशी शब्दाला शब्द लावून पाहते. तुम्हीही तेच करा. पाच मिनिटं लागतात.

आता तुमच्या चिखलाकडे येते. चॉकलेट म्हणजे चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे अगदी बारीक, कोरडे कण. त्यात पाण्याचे दोन थेंब पडले की ओली झालेली साखर कणाला कण चिकटवते आणि सगळं घट्ट होऊन बसतं. बाजारातली बहुतेक एसेन्सं पाण्यात मिसळणाऱ्या द्रवात केलेली असतात. शिऱ्यात किंवा आइस्क्रीममध्ये ती उत्तम चालतात, चॉकलेटमध्ये घात करतात. दुकानात 'ऑइल सोल्युबल' म्हणून मागा, किंवा खाण्यासाठीचं पेपरमिंट तेल घ्या. वेष्टनावर खाद्यपदार्थाचा परवाना क्रमांक हवा. वाफेसाठी किंवा मालिशीसाठी विकतात ते तेल नको. काही जणी अमृतधारेसाठी घरात आणलेलं पुदिन्याचं सत्त्व घालतात. तेही नको. ते जवळजवळ निव्वळ मेंथॉल असतं, चिमटीत किती आलं ते कळत नाही, आणि सात वर्षांच्या मुलाच्या जिभेला ते भाजल्यासारखं लागतं.

आणि चिखल झाला म्हणून ते टाकलंत असेल तर पुढच्या वेळी टाकू नका. शंभर ग्रॅम चॉकलेटला दोन मोठे चमचे कडकडीत गरम पाणी घालून जोरात ढवळा. थोड्या पाण्यानं गोळा होतो, पुरेशा पाण्यानं तो पुन्हा सैल होऊन चकचकीत सॉस बनतो. वडी पडणार नाही, पण केळ्यांवर किंवा केकवर घालायला छान.

पेपरमिंट किती घालायचं? कमी, आणि मग वाटलं त्याहूनही कमी. दुधाच्या चॉकलेटमध्ये दुधाचा गोडवा आणि चरबी तिखटपणा झाकते. दूध काढून टाकलं की पेपरमिंट उघडं पडतं. मेंथॉल तोंड खरोखर थंड करत नाही. आपल्या मज्जातंतूंवर गारवा ओळखणारा एक ग्राही (रिसेप्टर) आहे, टीआरपीएम८ नावाचा, मेंथॉल त्यालाच जागं करतं. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांनी तो मेंथॉलच्याच मदतीनं शोधला, आणि स्पर्श व तापमानाच्या संवेदनांवरच्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ असा की थेंब वाढवले की गारवा वाढत राहतो आणि एका टप्प्यानंतर त्याची आग होते. अडीचशे ग्रॅम मिश्रणाला मी चार थेंब घालते. ड्रॉपरनं आधी रिकाम्या चमच्यात, मग मिश्रणात. बाटली थेट भांड्यावर उपडी करायची नाही. घरात दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर त्याला यातलं काही चाखवू नका.

तुमचे पांढरे डाग दोन कारणांनी येऊ शकतात आणि तुम्ही दोन्ही कारणं एकाच दिवशी हजर केलीत. कंपाऊंडमध्ये कोको बटरच्या जागी पामच्या बियांच्या तेलासारखी घट्ट केलेली वनस्पतीजन्य चरबी असते. ही चरबी आणि कोको बटर एकमेकांशी जमवून घेत नाहीत. एकत्र केली की वडी मऊ पडते आणि काही दिवसांत वर राखाडी-पांढरा पापुद्रा येतो. दुसरं कारण फ्रीज. फ्रीजमधून बाहेर काढल्यावर गार चॉकलेटवर हवेतलं पाणी जमतं, त्यात वरची साखर विरघळते आणि पाणी उडून गेलं की साखर पांढरी मागे राहते. बोटानं तपासता येतं. डाग बोटाच्या उबेनं वितळून पुसला गेला तर चरबीचा, खरखरीत लागला तर साखरेचा. दोन्ही खायला निर्धोक आहेत, पण वर्गातली मुलं "बुरशी आली" म्हणतील आणि तुमच्या लेकीचा चेहरा पडेल. तो पडू द्यायचा नाही.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला, कंपाऊंड सोडा. त्याला टेम्परिंग, म्हणजे ठरावीक तापमानांतून नेऊन चॉकलेट नीट गोठवणं, लागत नाही, काम झटपट होतं, हे खरं. पण बिनदुधाचं कंपाऊंड मिळणं कठीण आणि मिळालं तरी जिभेवर मेणाचा थर राहतो. त्यापेक्षा ५५ ते ६० टक्के कोकोचं, फक्त कोको मास (वाटलेल्या कोकोच्या बिया), साखर, कोको बटर आणि लेसिथिन असलेलं डार्क चॉकलेट घ्या. ७० टक्क्यांचं मुलांना कडू लागतं. आता केरळ, आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूत नारळीच्या बागांत पिकणाऱ्या कोकोपासून केलेली चॉकलेटंही मिळतात, त्यांतली काही खरोखर सुरेख आहेत. अर्धा किलो चॉकलेट सातशे-आठशे रुपयांनाही पडू शकतं. महाग आहे. पण तीस मुलांच्या वर्गाला अर्धा किलो पुरून उरतं.

खरं चॉकलेट घेतलं की टेम्परिंग आलं, आणि इथेच बहुतेक जणी धीर सोडतात. कोको बटर सहा निरनिराळ्या रूपांत गोठतं. त्यातल्या एकाच रूपात वडी चकचकीत होते, कटकन मोडते आणि हातात न विरघळता तोंडात विरघळते. ते रूप साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे हातांपेक्षा थोडं वर आणि जिभेपेक्षा थोडं खाली. आपल्याला वितळलेल्या चॉकलेटला तेच रूप घ्यायला लावायचं असतं. आपण विरजण लावतो तसंच हे. चांगल्या दह्याचा चमचा सगळ्या पातेल्याला आपल्यासारखं करतो. इथे न वितळवलेल्या चॉकलेटचे तुकडे विरजणाचं काम करतात.

अर्धा किलो चॉकलेट सुरीनं बारीक चिरा, हरभऱ्याच्या डाळीएवढं. त्यातलं दीडशे ग्रॅम बाजूला काढा. उरलेलं साडेतीनशे स्टीलच्या किंवा काचेच्या कोरड्या भांड्यात घेऊन गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवा. पाणी उकळत नको, गॅस बंद, आणि वरच्या भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. वरचं भांडं खालच्या पातेल्यापेक्षा रुंद घ्या, म्हणजे वाफ कडेनं वर येऊन चॉकलेटमध्ये शिरणार नाही. ४५ ते ४८ अंशांपर्यंत न्या, ५० च्या पुढे नाही. तीन-चारशे रुपयांत स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर मिळतो. घ्याच. मी पहिली दोन वर्षं अंदाजानं केलं आणि निम्मा माल पुन्हा वितळवला.

भांडं खाली उतरवा आणि सगळ्यात आधी त्याचा तळ कोरड्या फडक्यानं पुसा. हा पुसणं विसरण्याचा क्षण असतो. ओतताना तळाचा एक थेंब ओघळतो आणि केलेलं पाण्यात जातं, अगदी शब्दशः. मग बाजूला ठेवलेले तुकडे मूठ-मूठ घालत सावकाश ढवळत राहा. दहा-पंधरा मिनिटं लागतील, हात दुखेल. तापमान ३१ ते ३२ अंशांवर आलं की थांबा, न विरघळलेले तुकडे काट्यानं काढून घ्या. आता सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. चार-पाच मिनिटांत ते चकाकी धरून गोठलं तर जमलं. ओलंच राहिलं किंवा पट्टे दिसले तर आणखी थोडे तुकडे घालून ढवळा आणि पुन्हा टोक बुडवा. काम करताना तापमान ३० च्या खाली गेलं की चॉकलेट दाटतं, तेव्हा गरम पाण्यावर काही सेकंद धरायचं, पण ३२ च्या वर जाऊ द्यायचं नाही. वर गेलं की विरजण मेलं, पुन्हा पहिल्यापासून.

या कामाला हवा लागते. दिवाळीत, ऑक्टोबरच्या उकाड्यात, आमच्या सांगलीत हे जमवताना मी पंखे, ओली फडकी, सगळं करून पाहिलंय. डिसेंबर त्या मानानं देवानं दिलेला महिना. हवा कोरडी, सकाळ गार, आणि सातारा आमच्यापेक्षा आणखी गार. सकाळी सहाला सुरू करा, नऊच्या आत आवरा. गोठवायलाही फ्रीज लागत नाही, जमिनीवर सावलीत ठेवलेलं ताट पुरतं.

आता नेमकं काय करायचं. पेपरमिंट चॉकलेट म्हटलं की लोक पांढऱ्या आणि काळ्या चॉकलेटचे थर देऊन वर लाल-पांढऱ्या गोळीचा चुरा भुरभुरवतात. पांढरं चॉकलेट म्हणजे दूधच. त्याला पर्याय म्हणून नारळाच्या दुधाची भुकटी सुचवली जाते, पण सावध राहा, त्या भुकटीत बऱ्याचदा केसिनेट असतं, म्हणजे दुधाचंच प्रथिन. नाव नारळाचं आणि आत दूध! म्हणून मी पांढरा थर साखरेचा करते. पिठीसाखरेचा पेपरमिंट घातलेला मऊ गर आणि वरून डार्क चॉकलेटचं कवच. दिसायला सुंदर, दुधाची आठवणही येत नाही. आणि त्याला आकार द्यायचा कंदी पेढ्याचा. तुमचं पत्र वाचताना हेच डोक्यात आलं.

अडीचशे ग्रॅम पिठीसाखर मैद्याच्या चाळणीनं दोनदा चाळा. विकतची आइसिंग शुगर चांगली. घरी मिक्सरला केलेली कणीदार राहते, आणि मिक्सरच्या झाकणाच्या रबरात दुधाची भुकटी अडकलेली असू शकते. दोन छोटे चमचे लिक्विड ग्लुकोज, एक मोठा चमचा खाण्याचं, वास काढलेलं खोबरेल तेल. आपल्याकडे खोबरेल म्हटलं की डोक्याला लावायचं आठवतं आणि त्या वासाचं तेल घातलं तर चॉकलेटलाही तोच वास येतो. हे तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे डिसेंबरात बाटलीत पांढरं होऊन बसलेलं असेल. तसंच घ्या. पेपरमिंट तेलाचे चार थेंब. मग उकळून गार केलेलं पाणी, एक मोठा चमचा आधी, पुढचं थेंबाथेंबानं. पुरणपोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, पण भेगा न पडणारा गोळा व्हायला हवा. नारळाचं ताजं दूध घातलं तर चव वाढते, पण मग चार-पाच दिवसांत संपवावं लागतं आणि फ्रीजही मागे लागतो. वर्गासाठी पाणीच बरं.

आठ-आठ ग्रॅमच्या गोळ्या वळा, तळहातावर दाबून चपट्या करा, अंगठ्यानं मध्ये हलका खड्डा द्या. पस्तीसेक होतात. बटर पेपरवर रात्रभर उघड्याच राहू द्या, वर कोरडी साय धरते. ती धरली नाही तर बुडवताना गर चॉकलेटमध्ये सुटतो. सकाळी घरच्या तापमानाच्या गोळ्या एकेक करून काट्यावर घेऊन टेम्पर केलेल्या चॉकलेटमध्ये बुडवा, काटा भांड्याच्या कडेवर दोन-तीनदा आपटा, खालचा थेंब पुसा आणि बटर पेपरवर सरकवा. गोळ्या फ्रीजमधून काढून कधी बुडवू नका. गार गोळीवरचं कवच लगेच गोठतं आणि आतला भाग उबदार होऊन फुगला की त्याला तडा जातो. तळाला बारीक छिद्र राहिलं तर दोन दिवसांनी तिथून साखरेचा पाक पाझरतो, म्हणून गोठल्यावर उलटून बघा आणि छिद्रावर बोटानं चॉकलेटचा ठिपका द्या. बुडवायला खोली लागते म्हणून अर्धा किलो घेतलं. प्रत्यक्षात निम्मंच वापरलं जाईल.

आता वरचा लाल चुरा. हा मी मिरजेच्या एका आजींकडून शिकले. १८९४ साली तिथे मिशनचं हॉस्पिटल सुरू झालं. त्याच्या आसपासच्या वस्तीत नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांचं ताट शेजारीपाजारी जातं आणि आजींच्या ताटात एका कोपऱ्यात घरच्या पेपरमिटच्या गोळ्या असत. त्या 'पेपरमिट'च म्हणायच्या. विकतच्या गोळ्या चालतील, पण त्यांचंही लेबल वाचावं लागणार, मग घरीच करा.

दोनशे ग्रॅम साखर, ऐंशी ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, साठ मिलिलिटर पाणी, जाड बुडाच्या पातेल्यात. साखर विरघळेपर्यंतच ढवळा, नंतर चमचा बाहेर. ग्लुकोज साखरेला पुन्हा कणी धरू देत नाही. गोळीबंद पाक आपल्याला लाडवांमुळे ठाऊक असतो. हा त्याच्या खूप पुढचा आहे, १५० अंशांचा. गार पाण्यात थेंब टाकला तर तो वाकता कामा नये, काचेसारखा तडकला पाहिजे. उतरवा, बुडबुडे बसू द्या, लाल खाद्यरंगाचे थेंब, पेपरमिंट तेलाचे दोन-तीन थेंब. तेल घालताना तोंड मागे घ्या, वाफ डोळ्यांना झोंबते. आणि मुलीला त्या वेळी स्वयंपाकघराबाहेर ठेवा. या तापमानाची साखर कातडीला चिकटली की सुटत नाही.

हे ओतायच्या ताटाला तुमचा हात आपोआप तूप लावेल. आम्हा सगळ्यांचाच लावतो. पण तुपात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहतो. तेच खोबरेल तेल लावा. संपूर्ण उत्तरातून एकच ओळ लक्षात ठेवायची तर ही ठेवा, कारण सगळं सामान निवडून आणलेल्या दोन घरांमध्ये मी शेवटच्या क्षणी ताटाला तूप लागताना पाहिलंय.

गार झालेली काच स्वच्छ कपड्यात गुंडाळून वरवंट्यानं बारीक कुटा, मोठे खडे ठेवू नका, लहान मुलांच्या घशात अडकतील. चुरा लगेच हवाबंद डब्यात भरा, उघडा राहिला तर तासाभरात चिकटतो. चॉकलेट बुडवून ठेवल्यावर मिनिटभर थांबा, मग चिमटीनं मधल्या खड्ड्यात चुरा घाला. ओल्या चॉकलेटवर घातला की बुडतो, गोठल्यावर घातला की गळतो.

भांड्यांबद्दल थोडक्यात. लाकडी कालथा आणि जुनी सिलिकोनची भांडी वेगळी ठेवा, त्यांत दुधाचा वास आणि अंश दोन्ही टिकतात. ओटा साबणानं धुऊन कोरडा करा, नुसता ओल्या फडक्यानं पुसू नका, कारण ते फडकं चहाच्या पातेल्याखालचं असतं. त्या सकाळी पहिला चहा चॉकलेट झाल्यावर करा.

डब्यात थरांमध्ये बटर पेपर घाला, कपाटात गार जागी ठेवा, पंधरा दिवस उत्तम राहतात. वर्गात नेताना डब्यावर घटकांची चिठ्ठी लावा आणि बाईंना आधी दाखवा. दुसऱ्या एखाद्या मुलाला सोया किंवा नारळ वर्ज्य असू शकतं, त्याच्या आईलाही तुमच्याइतकीच काळजी असते. डबा दुधाच्या खाऊशेजारी उघडू नये हेही सांगून ठेवा, आणि वाटायचं काम लेकीकडे द्या.

अर्ध्या किलोतलं उरलेलं चॉकलेट गोठू देऊ नका. मी त्यात मूठभर तासगावचे बेदाणे ढवळते आणि चमच्यानं बटर पेपरवर छोटे ढीग घालते. बेदाणे आदल्या दिवशी धुऊन, फडक्यावर पसरून पूर्ण कोरडे केलेले हवेत. नाहीतर पाणी आलंच, आणि पुन्हा तो चिखल.